रेंज नसलेलं घर

"तुमचं नाव काय?" समाधानने विचारलं आणि विचारताना नीट अडखळलासुद्धा. तालीम कामी आली.

"मेघा," ती खाली बघत पुटपुटली. तीन वर्षं रोज व्हॉट्सॲपवर कान किटेपर्यंत बडबडणारी पोरगी आज अशी लाजली, की समाधानला हसूच फुटणार होतं.

पण हसायची सोय नव्हती. शेजारी त्याचे वडील बसले होते, शिंदखेड्याचे पितांबर नाना. 'पोरांनी आधीच जमवलेलं निघालं, तर पोह्यांची बशी खाली ठेवून उठेन,' असं नानांनी अख्ख्या भावकीत जाहीर केलेलं. म्हणून तर लोटनमामाला मध्ये घालून हे स्थळ 'आणवलं' होतं. नानांना संशय आला, की संपलंच!

"मेहरूणमां घर लवकर सापडनं नही, भाऊ," नाना मेघाच्या वडिलांना, मगनभाऊंना सांगत होते.

समाधानही या घरात पहिल्यांदाच आलेला. आत पाऊल टाकलं आणि त्याच्या फोनची रेंज गेली. काही बिनसलं तर मेघा मेसेज करणार होती. आता कसला मेसेज न्‌ कसलं काय! नानांच्या खिशात मात्र टिंग टिंग चाललं होतं. गावाच्या ग्रुपवर कुणाची म्हैस व्याली, तिचे फोटो. नानांचं सिम दुसऱ्या कंपनीचं, नशीबवान माणूस.

मेघाची आई, कुंदाबाई, पोहे आणि चहा घेऊन आल्या. "हा बिनसाखरेचा," म्हणत त्यांनी एक कप नानांपुढे ठेवला. लोटनमामाने किती बारीक सांगून ठेवलंय, समाधानला कौतुक वाटलं.

"पोरी, तुले सयपाक येस का?" नानांनी विचारलं.

"येतो ना. भरीत तर फारच चांगलं जमतं."

"मग समाधानले तुना नंबर दे. वळख करी ल्या."

समाधानने नाइलाजाने फोन काढला. मेघा आकडे सांगू लागली, तो दाबू लागला, आणि व्हायचं तेच झालं. स्क्रीनवर त्याने तिला दिलेलं खोटं नाव उमटलं: 'चिंधा मेकॅनिक'. नाना चष्मा सावरत वाकले. समाधानने फोन झटकन पालथा घातला.

"व्हयनं का सेव्ह?"

"हो, नाना."

"काय नावानं?"

"मेघा... मेघाताई."

खोलीत असा हशा पिकला, की कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. मेघा तर आत पळाली. नानांनी डोळे पुसले आणि मगनभाऊंच्या पाठीवर थाप मारली. "माले पोर पसंत शे!"

मगनभाऊंनी साखरेची वाटी मागवली. सुटलो बुवा! समाधानला उड्या माराव्याशा वाटल्या. नानांसारख्या माणसाला गंडवलं म्हणजे काय चेष्टा आहे? कधी एकदा आईला सांगतो असं झालं त्याला. "जरा बाहेर जाऊन फोन करतो," तो उठला. "इथं माझ्या सिमला रेंज नाही."

"बसा हो जावईबापू! या घरात कुठल्याच सिमला रेंज नाही," मगनभाऊ म्हणाले. "आमचं सगळं वायफायवर. आणा फोन, पासवर्ड टाकून देतो. पहिल्यांदा तेवढा टाकावा लागतो. पुढच्या खेपेपासून दारात पाय ठेवला, की आपोआप लागतं."

समाधान फोन पुढे करता करता थांबला. त्याने हळूच वळून पाहिलं.

नानांच्या खिशात पुन्हा टिंग वाजलं, आणि नाना घाईघाईने पोह्यांच्या बशीत डोकं घालून बसले.