वाळलेलं ग्रीस

गॅरेज मुलावर सोपवून घरी बसलेल्या म्हाताऱ्याला मुलगा रोज एक गिअर आणून द्यायचा. "बाबा, ग्रीस वाळून पार दगड झालंय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." म्हाताऱ्याची कळी खुलायची. रॉकेल नि ब्रश घेऊन तो दात न् दात लख्ख करायचा.

आज एका दाताचा टवका ओळखीचा वाटला. अरे, हा तर कालचाच गिअर! ग्रीसला जळका वासही येत होता. हे वाळलेलं नव्हतं, शेगडीवर धरून वाळवलेलं होतं.

संध्याकाळी मुलगा गिअर न्यायला आला. त्याची नखं स्वच्छ होती. गॅरेजवाल्याची नखं अशी? म्हणजे गॅरेजला टाळं लागलं होतं तर.

"झालं का, बाबा?"

"झालं रे. उद्याही आण. फक्त वाळवताना बोटं भाजून घेऊ नकोस."