भुकेचे जादा गुण

परीक्षा केंद्राच्या दारात बाईंनी रमिलाच्या पोटाला यंत्राचा पट्टा लावला. गरिबाघरच्या पोरांनाही कॉलेज मिळावं म्हणून भुकेचे जादा गुण देणारं हे यंत्र सरकारने मोठ्या दिमाखात आणलं होतं.

"पोटात अन्न आहे. जादा गुण नाहीत."

"बाई, एरवी आम्ही एकवेळच जेवतो. आज पेपर म्हणून आईने कोंबडी कापली."

"यंत्र आजचंच बघतं. पुढचा."

पुढचा शहरातला पोरगा बापाच्या खांद्यावर लोंबकळत होता. महागड्या क्लासने त्याला मुद्दाम उपाशी ठेवलं होतं.

"लेकरू भुकेलंय गं," डबा धरून उभी असलेली रमिलाची आई कळवळली.

"मग भरव त्याला," रमिला दातओठ खात म्हणाली. "पट्टा लागायच्या आत."

बाप आडवा आला, पण पोराने आधीच तोंड उघडलं होतं.