दुसरी वसुधा

पडद्यावर डॉक्टर वसुधाच्या चेहऱ्यावरच्या पट्ट्या सुटत होत्या. मंदाबाईने मेथी निवडायची थांबवली. शेवटची पट्टी निघाली, कोणीतरी आरसा पुढे धरला, आणि आरशात एक कोवळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी हसली.

"पोरगी चांगली निवडली हो," मंदाबाई सहज बोलून गेली आणि नणंदेकडे, मोहिनीकडे, लक्ष जाताच तिने पुन्हा मेथीत डोकं घातलं.

नऊ वर्षं ती डॉक्टर वसुधा होती. तेवढ्या काळात मालिकेतल्या त्या इस्पितळाने किती माणसं बदलली. मोठे डॉक्टर दोनदा वारले. मेट्रन एका सोमवारी उंच होती, पुढच्या सोमवारी बुटकी. वसुधाचा नवरा परदेशी गेला आणि येताना दुसराच माणूस होऊन आला. वसुधा मात्र तीच राहिली.

मग मोहिनीने निर्माते रतिलाल शेठ यांच्याकडे एक गोष्ट मागितली. मालिकेच्या सुरुवातीला आपलं नाव सगळ्यांच्या आधी यावं, एवढीच. शेठ गोड हसले, चहा पाजला. थोड्याच दिवसांत गोष्टीतल्या ऑपरेशन थिएटरला आग लागली आणि वसुधाचा चेहरा जळाला. मोहिनी मुंबईचं बिऱ्हाड आवरून जळगावला, मेहरूणला, भावाच्या, जीवरामभाऊंच्या घरी आली. आज त्या जळलेल्या चेहऱ्याच्या जागी नवा चेहरा बसला होता.

त्या मुलीचं नाव रुची. धुळ्याच्या पारसमल कापडवाल्यांची लेक.

रोज संध्याकाळी मोहिनी टीव्हीपुढे बसायची आणि मनातल्या मनात चुका काढायची. नाडी धरते ती पाटली चाचपून बघावी तशी. रडते ती डोळ्यांतलं काजळ सांभाळून. पण सकाळी तलावावर फिरायला गेलं की बायका अडवून सांगत, "नवीनही छान करते हं, ताई." पुढे पुढे त्या 'नवीन' म्हणेनाशा झाल्या. नुसतं 'वसुधा' म्हणू लागल्या. ते तिला जास्त झोंबलं.

एक दिवस रुचीचाच फोन आला. धुळ्यात समाजातर्फे तिचा सत्कार होता.

"मोहिनीताई, तुम्ही आलात तरच मी तो सत्कार घेईन."

मोहिनी गेली. ठेवणीतली साडी नेसली, आणि माईकवर बोलायचं एक वाक्य बसमध्ये घोळवत राहिली. हसत म्हणायचं, पण वर्मी लागेल असं. सभागृहाच्या दारात एका म्हातारीने तिचा हात धरला.

"तूच ती डॉक्टरीण शे ना वं माय? तुनं तोंड जळी गयथं ना? आते बरं दिखस."

बाजूचे लोक हसले. मोहिनीही हसली.

ते वाक्य मात्र ओठांवर आलंच नाही. रुचीने सगळ्यांसमोर वाकून तिला नमस्कार केला, स्वतःच्या गळ्यातला हार तिच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "मी वसुधा आहे, ती यांनी घडवली म्हणून." टाळ्या थांबेनात. मोहिनीच्या पोटात आणखीच दुखलं. भूमिका घेतलीच होती, आता चांगुलपणाही हिच्याच वाट्याला.

जेवण पारसमलजींच्या घरी होतं. रुचीच्या आईने, गुलाबबाईंनी, आग्रहाने वाढलं. हात धुतल्यावर रुची तिला गच्चीवर घेऊन गेली.

"ताई, शेठजींकडे एक मागणी करायची आहे. धीर होत नाही. करू का?"

"कसली मागणी?"

"ते आत्ता नाही सांगत. झालं तर पहिला फोन तुम्हालाच."

लागले हिचे पाय जमीन सोडायला, मोहिनीला वाटलं. नाव पुढे हवं असेल, नाहीतर स्वतःची गाडी. तिला एक खरं वाक्य सांगता आलं असतं. शेठकडे मागणारं माणूस शेठच्या मनातून उतरतं. तिने तोंडातली बडीशेप सावकाश चावली.

"कर की," ती म्हणाली. "आणि एकदा मागितलंस की मागे हटू नकोस. नाही म्हणाले तर सरळ सांग, मालिका सोडते. तुझ्यावाचून पान हलत नाही त्यांचं."

"चिडणार नाहीत ना?"

"नऊ वर्षं ओळखते मी त्यांना."

एवढं मात्र खरं होतं. परतीच्या बसमध्ये तिला पारोळ्याच्या आधीच गाढ झोप लागली.

पुढे मालिकेत डॉक्टर वसुधा परिषदेला परदेशी गेली, तिथे गाडीला अपघात झाला, आणि पुन्हा पट्ट्या बांधल्या गेल्या. त्या सुटल्या तेव्हा आत तिसरीच बाई होती.

"आता हे काय," मंदाबाई म्हणाली. "कितीदा तोंड बदलतात एकीचं?"

मोहिनी खळखळून हसली. त्या दिवशी तिने स्वतः चुलीशी जाऊन सगळ्यांसाठी शेवभाजी केली. जीवरामभाऊ दोनदा मागून जेवले. बहीण आल्यापासून पहिल्यांदाच इतकं बोलत होती.

त्याच आठवड्यात रुची मेहरूणला आली. चेहऱ्याला रंग नाही, साधा पंजाबी ड्रेस, हातात पेढ्यांचा पुडा. मंदाबाई चहा ठेवायला आत गेली.

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं, ताई," रुची म्हणाली. "शेवटपर्यंत हटले नाही. शेठजी म्हणाले, मग सोड. सोडली. वाईट नाही वाटत. तुमच्यापासून लपवलं होतं, म्हणून सांगायला आले."

"अरेरे," मोहिनी म्हणाली. तोंडावर हळहळ आणायला तिला कष्ट पडले नाहीत, नऊ वर्षांचा सराव होता. "पण इतकं अडून बसण्यासारखं मागितलं तरी काय होतंस?"

रुचीने पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला.

"वसुधाला एक मोठी बहीण हवी, म्हटलं. आणि ती भूमिका मोहिनीताईंनीच करायची."