मागचं डावं चाक

घाटंजीहून यवतमाळच्या दवाखान्यात निघालेल्या राखीला चाकातली हवा कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या गाडीतल्या दिव्यानं तिसऱ्यांदा थांबवलं. मागच्या सीटवर तापानं मलूल झालेली तान्ही लेक झोपली होती.

“हवा बरोबर हाय, बेटा,” मागच्या डाव्या चाकाच्या वॉल्वला थुंकी लावून पाहत रस्त्याकडेचे पंक्चरवाले निजामुद्दीनचाचा म्हणाले. “बुडबुडाबी नाही.”

“मंग हे काहून बोंबलून राह्यलं, चाचा? मले उशीर होते.”

चाचांनी वैतागून त्या चाकातली सगळी हवा सोडली. “आता शून्य दाखवाले पाह्यजे.”

चाक जमिनीला टेकलं. स्टेअरिंगसमोरच्या पडद्यावर मात्र त्याच्या हवेचा आकडा हलतच राहिला. एकतीस, तेहतीस. एकतीस, तेहतीस.

आरशात लेकीची छाती त्याच तालावर खालीवर होताना राखीला दिसली.

मग एकतीस आलं. आरशाकडे न बघता राखी तेहतीसची वाट पाहत राहिली.