नऊ तक्रारी

साडेचार वाजता क्रांतीच्या स्क्रीनवर तांबडी पट्टी आली. ‘या पत्त्यावरून मेल पाठवणे थांबवले आहे. तक्रारी : नऊ.’

सहा वाजता तिच्या पैंजणांचे दिवाळीचे नमुने देशभरातल्या आठशे दुकानांना मेलनं आपोआप जायचे होते. दुकानदार उद्या सकाळी माल ठरवून मोकळे होणार. आज मेल गेली नाही, तर हुपरीत घरोघरी कड्या जोडणाऱ्या बावीस बायकांनी सगळी दिवाळी हातावर हात ठेवून बसायचं. त्यांना काम देण्याचा शब्द क्रांतीनं दिलेला.

तिनं कोल्हापुरात श्रेयसला फोन लावला. मेल पाठवायचं सॉफ्टवेअर तोच सांभाळायचा. मागच्या आठवड्यात त्याचं अपडेट आलं आणि क्रांतीचा जुना फुकटातला पत्ता बाद झाला. कारखान्याच्या नावाचा नवा पत्ता घेतला, पण त्याला कोण ओळखतंय? गावात नवखा माणूस आला की आधी विचारतात, कुणाचा पावणा? इथंही तसंच. आधी आपल्या चाळीस माणसांना मेल पाठवा, त्यांनी उघडून उत्तर दिलं की पत्त्याला पत येते, असं श्रेयसनंच सांगितलेलं. म्हणून काल तिनं घरच्यांना आणि मैत्रिणींना लिहिलं, की रविवारी नव्या कारखान्याची वास्तुशांत आहे, सहकुटुंब यावे. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा तिला आनंदही झाला होता.

श्रेयस म्हणाला, त्या नऊजणांनी मेल कचऱ्यातून बाहेर काढून सहाच्या आत उत्तर दिलं, तर पट्टी निघेल. नऊच्या नऊ हवेत, आठांवर भागणार नाही. पण ते नऊजण कोण, हे सॉफ्टवेअर सांगत नव्हतं.

ते तिच्या आईनं, अक्कानं सांगितलं. अक्का भाजी निवडत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

“नऊ? नऊच घरं हाईत की आपल्या भावकीत. सकाळी समदी तात्यांच्या सोप्यात बसलीती.”

जोतीरामतात्या म्हणजे क्रांतीच्या वडलांचे, बाळासोंचे, थोरले भाऊ. चार घरं पलीकडं राहायचे. क्रांती धापा टाकत त्यांच्या दर्शनी सोप्यात शिरली तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून एक घुंगरू डोळ्याशी धरून बघत होते.

“तात्या, मेलवर तक्रार का केलीसा?”

“खाली लिवलंतं, स्पॅमची तक्रार करा. ते स्पॅम का काय ते कळलं न्हाय. म्होरचं कळलं. तक्रार हुतीच, केली की.”

तिनं पट्टी दाखवली, सहाची वेळ सांगितली, बावीस बायकांची नावं घेतली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घुंगरू हळूच डबीत ठेवलं.

“अक्षत आल्याबिगर मी कुणाच्या कार्याला गेलो न्हाय. बाळासोच्या पोरीनं ती फोनात टाकली. चाळीसात एक मी.”

कान सोनारानं टोचावे म्हणतात. हुपरीत ते चांदीवाले टोचतात. क्रांतीला आधी राग आला. मग लाज वाटली, कारण माणूस खरं बोलत होता. काल पत्ते भरताना तिनं तात्यांना आमंत्रण दिलंच नव्हतं. नव्या पत्त्याची चाचणी घेतली होती.

“चुकलं, तात्या.”

“मला म्हणून काय हुतंय? नऊ उंबरं हाईत.”

आतून काकी, शालूबाई, आल्या आणि तिच्या हातात वाटी ठेवून परत गेल्या. कुंकवात कालवलेले तांदूळ होते. वाळले होते, सकाळीच कालवून ठेवलेले असणार. क्रांतीनं चिमूट उचलून पहिल्यांदा तात्यांच्यापुढं हात केला. पहिला मान थोरल्याचा, एवढं तिलाही ठाऊक होतं. तात्यांनी हात मागं घेतला.

“माझं शेवटी. मी कुठं पळून चाललो न्हाय. येळ तुझा चाललाय.”

ती निघाली. प्रत्येक उंबऱ्यावर हातात अक्षता, रविवारचं बोलावणं, मग फोन आणि उत्तर. एका घरी चहा नको म्हणाली असती तर दहावी तक्रार झाली असती, म्हणून उकळता चहा उभ्याउभ्या घशाखाली घातला. एका चुलत्याचा फोन गोठ्यात राहिला होता, तो आणायला तीच धावली. आठवा उंबरा उतरली तेव्हा सहाला सात कमी होते. स्क्रीनवर पट्टी तशीच, तक्रार एक.

तात्या दारातच उभे होते. अक्षता घेऊन त्यांनी कपाळाला लावल्या, टोपी नीट केली आणि फोन काढला. एका बोटानं एकेक अक्षर शोधायला लागले. त्यांच्या हातातून फोन ओढून घ्यावा असं क्रांतीला वाटलं, आणि तिनं दोन्ही हात मागं बांधले. दोन मिनिटं राहिली तेव्हा तात्यांनी कळ दाबली.

“गेलं, तात्या. गेलं.”

“गेलं ते मलाबी दिसतंय. कालचं तुझंबी गेलंतंच की,” तात्या म्हणाले. “पोचलं का बघ.”

क्रांतीनं फोन समोर धरला. तांबडी पट्टी नव्हती. काचेवर तिच्या बोटांचं कुंकू तेवढं होतं.