भिंतीतलं दार

नवरा टीव्हीच्या कारखान्यात स्क्रू आवळायचा आणि भिंतीपलीकडच्या ई-कचऱ्याच्या कारखान्यात बायको तेच स्क्रू काढायची. दोन्ही कारखाने एकाच शेठचे. नवा टीव्ही कुणी घेईना आणि जुना कुणी टाकेना, तेव्हा शेठनी डोकं चालवलं आणि मधल्या भिंतीला दार पाडलं. इकडे जोडलेला टीव्ही थेट तिकडे सुटा व्हायला जाऊ लागला, सुटे भाग परत इकडे येऊ लागले. धंदा असा काही फोफावला की वर्षभरात दोनशे माणसं नव्याने कामाला लागली.

"अहो, जरा हलक्या हाताने आवळा ना," बायको रोज जेवताना कुरकुरायची. "माझं मनगट भरून येतं."

"आणि तपासणीत नापास झालो म्हणजे?"

एके दिवशी फाटकाशी एक आजोबा येऊन उभे राहिले. त्यांना टीव्ही विकत हवा होता. हे कळताच बायको स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच फाटकाकडे धावली.

"आजोबा, पाया पडते तुमच्या. तो एकच टीव्ही आहे हो आमच्याकडे. कशाला दोनशे जणांच्या पोटावर पाय देताय?"