चांदीचा एडका

मिथ्राच्या सणाला दोन दिवस उरले होते, सुभेदाराचा माणूस दारात ताटकळत होता, आणि बगदूश्त सोनारानं घडवलेला चांदीचा एडका, म्हणजे एडक्याच्या आकाराचं मद्य प्यायचं पात्र, पाणी सोडायला तयार नव्हता. वरच्या प्याल्यात ओतलेलं पाणी एडक्याच्या पुढच्या पायांमधल्या भोकातून धारेनं पडायला हवं. तिसरी सुरई रिकामी झाली, तरी खाली थेंब नाही आणि प्यालाही भरेना.

"भोक बुजलं असेल," बायको रोशनक म्हणाली. "गेल्या सणाला बैलाचं बुजवलं होतंत, तसंच."

"तोंड आवर! तार आरपार जातेय."

"मग सांध्याचा डाग सुटला असेल."

"सुटला असता तर माझी मांडी भिजली नसती?"

त्यानं एडका उलटा करून झटकला. आत सगळं कोरडं ठणठणीत. "मेला जडही होत नाही!"

"पिणारे भोकावर अंगठा धरतात, तसा धरून तर बघा."

कपाळाला आठ्या घालत त्यानं अंगठा दाबला. रोशनकनं चौथी सुरई ओतली.

बगदूश्तच्या शिव्या एकदम थांबल्या.

"काय झालं हो?"

"ओतू नकोस," तो हळूच म्हणाला. "आतून कुणीतरी अंगठा चोखतंय. आणि त्याला दात आहेत."